साक्षीच्या पिंजऱ्यातील मूल आणि शाळा

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या वर्षात शाळेच्या यशाचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु साठ वर्षे ज्या वास्तूत मुले वावरली, तिथे कधीतरी असेही मूल येऊन बसते, ज्याने काही सोसलेले वा पाहिलेले असते आणि ज्याला ते उद्या न्यायालयात सांगायचे असते. हजेरीपटावर त्याचे नाव इतरांसारखेच असते. त्याच्यासाठी शाळेने काय करावे, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

मुलाची साक्ष आपल्या कायद्याने कधीच त्याज्य मानली नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११८ मध्ये किमान वयाची अट नव्हती. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येणे एवढीच कसोटी होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तीच कायम ठेवली. मात्र मूल साक्ष देऊ शकते हे मान्य करणे वेगळे आणि त्याला ती निर्भयपणे देता यावी अशी व्यवस्था करणे वेगळे. २००४ मध्ये ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पीडित व आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, घटनेविषयीचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत आणि मुलाला पुरेशी विश्रांती मिळावी, असे निर्देश दिले. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, पॉक्सो कायदा लागू झाला. त्याने पोलिसांना मुलाचा जबाब साध्या वेषात व मुलाला रुचेल त्या ठिकाणी घेण्यास सांगितले, मुलाला वारंवार न्यायालयात बोलावण्यास मज्जाव केला आणि विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत बंद दालनात सुनावणीची तरतूद केली.

त्याच वर्षी दिल्लीतील कडकडडूमा न्यायालयात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात, जिला ऐकू-बोलू येत नव्हते आणि बौद्धिक अपंगत्वामुळे जिची साक्षच होऊ शकली नव्हती अशा पीडितेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा पुन्हा कायम केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कक्षेत अशी किमान दोन केंद्रे स्थापण्यास सांगितले. २०२२ मध्ये ‘असुरक्षित साक्षीदार’ या संज्ञेची व्याप्ती वाढली. मुलांबरोबरच लैंगिक अत्याचाराचे कोणत्याही वयाचे पीडित, मनोरुग्ण व अपंग साक्षीदारही तिच्यात आले.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. उरलेले काम कोणाचे? त्यातील मोठा वाटा शाळेचा आहे, आणि तो वर्गातल्या सवयींपासूनच सुरू होतो.

वर्गात गुरुजींनी प्रश्न विचारला की मुलाने काहीतरी उत्तर द्यायचे असते. ‘येत नाही’ म्हणणाऱ्याच्या पदरी शून्य पडते. गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिले उत्तर चुकले हे मूल ओळखते आणि उत्तर बदलते. मोठ्या माणसाने ‘असेच ना?’ म्हटले की मान डोलावणे हे चांगल्या वळणाचे लक्षण ठरते. या तिन्ही सवयी घेऊन मूल न्यायालयात जाते. तिथे तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा येतो, मूल आज्ञाधारकपणे उत्तर बदलते आणि त्याची साक्ष विसंगत ठरते. मूल खोटे बोललेले नसते. ते फक्त विद्यार्थ्यासारखे वागलेले असते. ‘प्रश्न कळला नाही’, ‘आठवत नाही’, ‘नाही, तसे नव्हते’ ही तीन वाक्ये मुलाला निर्भयपणे उच्चारता येणे, हे पहिलीच्या वर्गापासून शिकवण्याजोगे शिक्षण आहे.

परप्रांतातील मराठी शाळेवर आणखी एक जबाबदारी येते, ती भाषेची. घरी व शाळेत मराठी बोलणारे मूल घाबरले की मराठीतच बोलते. त्याचा ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. हिंदी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला तो आजोबा वाटतो. त्याचा ‘काका’ व्हॅनचा चालकही असू शकतो. भाषांतरात तो वडिलांचा भाऊ होतो. एका शब्दाने निरपराधावर संशय जाऊ शकतो आणि अपराधी निसटू शकतो. जबाब मुलाच्या शब्दांत नोंदवावा, असे पॉक्सोचे कलम २६ सांगते आणि कलम ३८ दुभाष्याची सोय देते. ही सोय मागण्याचा हक्क आहे, हे पालकांना सांगणारे कोणीतरी हवे. ते काम शाळा करू शकते.

मुलाने एखाद्या शिक्षिकेजवळ मन मोकळे केले, तर तिने शांतपणे ऐकावे, मुलाचेच शब्द तारीखवार लिहून ठेवावेत आणि खोदून विचारू नये. स्टाफरूममध्ये त्याची चर्चा होऊ नये. शाळेने स्वतःची चौकशी समिती बसवून मुलाला पाच जणांपुढे तेच पाच वेळा सांगायला लावणे, हा त्याच्यावरचा दुसरा आघात ठरतो. कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या नावासाठी ते टाळणे हा गुन्हा आहे. हाताखालील व्यक्तीचे कृत्य न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ज्या नावासाठी मूल गप्प बसवावे लागते, ते नाव राखण्याजोगे उरत नाही.

शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टरही साक्षीदारच असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला अग्रक्रमाने पाहिला जातो. प्रवेश सोपा व्हावा म्हणून एके काळी सर्रास लिहिली गेलेली ‘१ जून’ आज एखाद्या मुलीचे अल्पवयच नाकारू शकते. खाडाखोड नसलेली, आधार असलेली नोंद हीदेखील मुलाला दिलेली साथच आहे.

साथ देणे आणि पढवणे यांतील सीमारेषा मात्र कटाक्षाने पाळावी लागते. न्यायाधीश कुठे बसतात, कोण प्रश्न विचारतो, थकवा आल्यास काय म्हणावे, पाणी मागता येते, हे सांगणे ही साथ. काय उत्तर द्यावे हे सांगणे म्हणजे पढवणे. पढवलेले वाक्य उलटतपासणीत उघडे पडते आणि मुलाच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास नष्ट होतो.

साक्षीच्या दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा वर्गात येते. बुडलेला अभ्यास त्याला मुकाट्याने मिळावा, ‘काल कुठे होतास?’ हा प्रश्न सर्वांदेखत विचारला जाऊ नये, डबा खाताना त्याच्याशेजारची जागा रिकामी राहू नये. निकाल केव्हा लागेल आणि कसा लागेल, हे शाळेच्या हाती नाही. शेजारची जागा भरलेली ठेवणे हाती आहे. हीरक महोत्सवाच्या वर्षी शाळेने एवढा संकल्प करावा, ही नम्र विनंती.