धुक्यावर उमटलेलं पत्र

वर्ध्याचा पत्ता माथ्यावर असलेलं एक टंकलिखित पत्र आहे, तारीख २३ जुलै १९३९. लिहिणारे महात्मा गांधी आणि ज्याला लिहिलं तो हिटलर. मजकूर थोडका. युद्ध टाळणं आज तुमच्या एकट्याच्या हाती आहे, ते टाळा, ही विनंती. आणि लिहिण्यात चूक झाली असेल तर क्षमेची अपेक्षा. इंग्रज सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१२ साली या पत्रावर 'कव्हरिंग लेटर' नावाचं मांडणीशिल्प केलं. २०१६-१७मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात त्याचं एकल प्रदर्शन झालं, २०१९मध्ये ते व्हेनिसच्या बिएनालेत भारतीय दालनात होतं. काळोख्या दालनात वरून धुक्याचा पडदा उतरत असतो आणि प्रोजेक्टरच्या प्रकाशात पत्राच्या ओळी त्यावरून हळूहळू सरकतात. भिंत नाही, कापड नाही. प्रेक्षकाला त्या ओळींतून आरपार जाता येतं. तो आत शिरला की अक्षरं मोडतात, तो पलीकडे गेला की पडदा पुन्हा सांधला जातो.

श्रोतेहो, माझं म्हणणं असं की इथे धुकं आणि प्रकाश ही मजकुराची सजावट नाही. कलावंताला पत्राबद्दल जे सांगायचं आहे ते त्यांतूनच सांगितलं जातं. पुरावा कल्लाट यांच्याच आधीच्या कामांत मिळतो. 'पब्लिक नोटिस'मध्ये (२००३) नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण आरशांवर डिंकाने लिहून पेटवलेलं आहे. जळक्या अक्षरांमध्ये बघणाऱ्याला आपलाच वेडावाकडा चेहरा दिसतो. २००७च्या कामात दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं गांधींचं भाषण हाडांसारख्या दिसणाऱ्या फायबरग्लासच्या अक्षरांत मांडलं आहे. दांडीचे शब्द लोकांनी ऐकले, त्यांवर चालून दाखवलं, म्हणून त्यांना हाडांचा टणकपणा शोभतो. हिटलरला लिहिलेले शब्द पोचलेच नाहीत. त्यांना आधार देणारं काही नव्हतं. ते हाडांत घडवले असते तर खोटे वाटले असते. आणि वस्तू कशाची केली यावर तिचा अर्थ ठरतो, हे आपण जमलो आहोत त्या, वर्ध्याजवळच्या नालवाडीला नव्याने सांगायला नको. इथल्या चर्मालयात आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जाई. त्याची चप्पल कत्तलीच्या कातड्याच्या चपलेहून डोळ्यांना वेगळी दिसत नसेल, तरी ती वेगळी होती.

यावर पहिला आक्षेप असा की पत्र पुस्तकात छापलेलं आहे, ते वाचावं, यंत्र कशाला? पुस्तकातलं पत्र मात्र शांतपणे हाती येतं, आणि ते कुणाच्या हाती आलंच नव्हतं ही त्याची मुख्य गोष्ट तिथे तळटीपेत जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाची सजावट गांधींनी चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली तेव्हा आग्रह गावातल्या साध्या सामानाचा होता, आणि तिथे बांबूने काम भागवलं. बांबू गावकऱ्याला दुसऱ्या दिवशीही उपयोगी पडतो, प्रोजेक्टर पडत नाही. हे खरं आहे, आणि अशी कला महागड्या दालनांतच फिरते ही तक्रार मला मान्य आहे. पण त्यातून दालनं उघडा असं निघतं, कामच फोल आहे असं निघत नाही. फैजपूरलाही प्रश्न जागेला आणि प्रसंगाला काय साजेल हाच होता.

तिसरा आक्षेप कलेवर नाही, गांधींवर आहे: पत्रात हिटलरला 'मित्र' म्हणणं हा भाबडेपणा. असेलही, पण हे शिल्प पत्राची आरती करत नाही. अक्षरं सतत विरतात, म्हणजे विनंतीचं अपयश समोर आहे, आणि तरी ओळी पुन्हा उमटत राहतात, म्हणजे विनंती मागे घेतलेली नाही. दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवणं गद्याला जड जातं. इथे प्रकाश ते करतो, आणि प्रेक्षकाला मधून चालायला लावून त्याला तटस्थही राहू देत नाही.

हे काम वर्ध्यात यायला हवं. सेवाग्राम आहे, मगन संग्रहालय आहे, काळोख करता येईल अशी सभागृहं आहेत. या जिल्ह्यातल्या संस्थांनी एकत्र बसून कल्लाट यांना तसं निमंत्रण पाठवावं, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.