उत्तर सांगू नका

आज मी एका व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे, पण सांगायचंय ते एकच: कोडं सोडवत बसलेल्या माणसाला उत्तर सांगू नका.

गेमचं नाव 'द विटनेस', म्हणजे साक्षीदार. जोनाथन ब्लो यांनी मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन तो बनवला. कित्येक वर्षं काम चाललं आणि २०१६च्या जानेवारीत तो आला. आपण एका बेटावर एकटेच हिंडत असतो. मारामारी नाही, गुण नाहीत. जागोजागी पाट्या आहेत, पाटीवर चौकटींची जाळी. गोल टिंबापासून रेघ काढायची आणि शेवटच्या टोकाला न्यायची. अशी पाचशेहून जास्त कोडी आहेत, आणि नियम कुठेही लिहून ठेवलेले नाहीत.

माझी आजी गेरू दिलेल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद ठेवायचा, त्यावरून रांगोळी फिरवायची, की ठिपके तयार. मी शेजारी उकिडवी बसून विचारायचे, "आता कुठला जोडू?" ती बोलायची नाही. स्वतःची पुढची रेघ मात्र जरा सावकाश ओढायची. तेच तिचं शिकवणं.

हा गेम तसाच शिकवतो. पहिल्या पाटीवर नुसती सरळ रेघ, दुसरीवर एक वळण. मग काळे-पांढरे चौकोन येतात, आधी थोडे, मग वाढत जातात. हे चौकोन रेघेनं वेगळे करायचे आहेत, हे कुणी सांगत नाही. चुकत चुकत कळतं. काही ठिकाणी तर चुकलात की पाटी बंद पडते, आधीचं कोडं पुन्हा सोडवून यावं लागतं. म्हणजे अंदाजानं रेघा मारणं तिथे चालत नाही.

माझी भाची त्या बेटावरच्या सफरचंदाच्या बागेत अडली होती. पाटीवर फांद्या फुटल्यासारखी आकृती, टोकं बरीच. रेघ न्यायची कुठल्या टोकाला? पंधरा मिनिटं ती पाटीकडेच बघत होती. मला दिसलं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. मी पदर तोंडाला लावून बसले. शेवटी तिनं नजर उचलली, पाटीमागे बघितलं आणि ओरडली, "मावशी, झाड!" तो आनंद मी बोलले असते तर गेला असता.

आता मुलं काय करतात? अडलं की फोनवर उत्तराचा व्हिडिओ लावतात. अरे, या गेममध्ये किल्ली मिळत नाही, तलवार मिळत नाही. एका दारातून दुसऱ्या दारात नेता येतं ते फक्त समजलेलं. उत्तर बघून दार उघडेल, पण पुढच्या दारी तुम्ही रिकाम्या हातानं उभे. हात धरून काढून दिलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी एकटीला येत नाही, तसंच आहे हे.

म्हणून आईवडिलांना पुन्हा सांगते: शेजारी बसा, चहा द्या, पण उत्तर सांगू नका. गणिताच्या वहीलाही हेच लागू आहे, त्यावर मला बरंच... पण वेळ संपत आली. त्या बेटावर एका रानात पक्ष्यांच्या आवाजावरची कोडी आहेत. तिथे डोळे नव्हे तर कान... नाही, ते नाही सांगत. तुमचं तुम्हीच ऐका.