मुलाशेजारची जागा
(कर्जत येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुंडा, मारहाण, रेशन, पाणी या प्रश्नांवर आपण अनेकदा बोललो. आज मी प्रवासाविषयी बोलणार आहे. लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांना शेजारी शेजारी जागा मिळावी, एवढाच मुद्दा आहे. तो किरकोळ वाटतो, कारण आपण प्रत्येकजण तो एकेकटीने निभावून नेतो.

कर्जत-खालापुरातला आपला बहुतेक प्रवास 'जो आधी येईल त्याची जागा' या रीतीने चालतो. खोपोलीची लोकल असो, मुंबईची असो, नाहीतर गावाकडची एस.टी. असो. रीत दिसायला सगळ्यांना सारखी. पण कडेवर एक, बोटाला धरलेलं एक आणि खांद्याला पिशवी, अशी बाई आधी येणार कशी? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मोकळ्या हातांचा असतो. मग बाईला एक जागा पुढे मिळते, मुलाला मागे, किंवा मूल मांडीवर घेऊन सगळा प्रवास.

कर्जतपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर. लोकलने दोन तासांहून जास्त लागतात. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत जाताना बसायला तरी मिळतं. संध्याकाळी परतताना मात्र बदलापूर येईपर्यंत मूल मोठ्यांच्या पायांत चेंगरतं.

महिला डब्यात बायकांनी यावर स्वतःची व्यवस्था बसवली आहे. 'कुठं उतरणार?' असं विचारून जागा सांगून ठेवायची, तिघींच्या बाकावर चौथीने सरकून बसायचं, अनोळखी बाईचं मूल मांडीवर घ्यायचं. याचं मोल मोठं आहे. पण ही सगळी मेहरबानी आहे, आणि ती ओळखीच्या बाईला आधी मिळते. वाडीवरून लेकराला घेऊन मोठ्या दवाखान्यात निघालेली कातकरी बाई कुणाला 'सरका' म्हणत नाही. ती दाराशी खाली बसते.

दुसरी गोष्ट. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमाने प्रवासी गाड्यांत स्त्रियांसाठी राखीव डबा किंवा जागा ठेवणं रेल्वेवर बंधनकारक आहे. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिला डब्यात चालतो. सोय चांगलीच आहे, ती टिकलीच पाहिजे. पण कुटुंब निघालं की काय होतं? नवरा जनरल डब्यात एकटा, आणि दोन्ही मुलं, डबा, पाण्याची बाटली बायकोकडे. मूल सांभाळणं हे आईचंच काम, हे आपण स्टेशनवरच ठरवून टाकतो.

आता विमानाचं. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, तिथून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. आपल्यातल्या फार थोड्या जणी विमानाने जातात. तरी ते उदाहरण उपयोगी आहे, कारण हाच प्रश्न तिथे नियमाने सोडवला गेला. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनच्या विमानात जागेला नंबर नसे, एस.टी.सारखंच. अमेरिकेतली साउथवेस्ट कंपनी अनेक दशकं तसंच करी. मात्र सहा वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तर ती कुटुंबाला पहिल्या गटाच्या मागोमाग आत सोडत असे. जानेवारी २०२६ मध्ये तिने ही मोकळी बसण्याची पद्धत बंद केली. नंबर आले म्हणून प्रश्न सुटतोच असं नाही. हवी ती जागा निवडायला कंपन्या जादा पैसे घेऊ लागल्या आणि पैसे न भरणाऱ्यांची आई एकीकडे, मूल दुसरीकडे होऊ लागलं. तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं : बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच बुकिंगवर असलेल्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाबरोबर जागा द्या, आणि तशी नोंद ठेवा. यात 'आईबरोबर' असं म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या.

मग आपण काय करायचं? विमानाचं तिकीट काढताना सगळ्यांची नावं एकाच बुकिंगमध्ये घाला. वेगवेगळी काढली तर या नियमाचा आधार राहत नाही. लांबच्या रेल्वेगाडीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटावर स्वतंत्र बर्थ मिळत नाही. २०१६ पासून त्यासाठी पूर्ण भाडं पडतं, म्हणून आरक्षणाच्या अर्जातच तसं लिहा. एस.टी.साठी मंडळांनी मिळून आगारप्रमुखांकडे अर्ज द्यावा, की स्टँडवर लहान मूल बरोबर असलेल्या प्रवाशाला, मग तो पुरुष का असेना, आधी चढू द्यावं. एकटीचा अर्ज बाजूला पडतो, वीस मंडळांचा पडत नाही.

आणि पुढच्या वेळी घरचे सगळे लोकलने निघाल तेव्हा एक मूल वडिलांबरोबर जनरल डब्यात जाऊ द्या. त्यांना दोन तास सांभाळू दे. आपल्या अर्जावर सही मागायला गेलात, तर मग ते जास्त लवकर देतील.