कोरियाचे सण आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करणारा माणूस आहे. शाळा सुटल्यावर जे काही शिकलो ते रात्रपाळी करून आल्यावर वाचून. कमिटीने मला ‘आपले सण’ हा विषय दिला होता. पण माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत आहे. त्याच्याकडून तिकडच्या सणांचं ऐकलं, मग वाचत गेलो, आणि वाटलं की आज कोरियाचेच सण सांगावेत. आपले त्यात आपोआप येतील.

बुद्धजयंती तिकडे वैशाखी पौर्णिमेला नसते. त्यांच्या चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीला असते. १९७५ पासून दक्षिण कोरियात त्या दिवशी सरकारी सुट्टी आहे. कागदाचे, कमळाच्या आकाराचे हजारो दिवे विहारांतून टांगतात आणि येईल त्याला जेवू घालतात. आपण खीर वाटतो, ते भात-भाजी एकत्र कालवून देतात. हे वाचायला गोड आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. गोर्यो राजवटीत तिथे धम्माला राजाश्रय होता. नंतरच्या जोसन राजांनी कन्फ्यूशियसचं तत्त्वज्ञान धरलं आणि धम्म डोंगरात ढकलला. भिक्षूंना राजधानीच्या, म्हणजे आजच्या सोलच्या, वेशीतून आत यायलाच बंदी! ती बंदी १८९५ साली उठली. वेशीबाहेर राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आज त्याच सोलमध्ये दिव्यांची मिरवणूक पूर्वेच्या जुन्या वेशीपासून निघते आणि भर रस्त्याने जोग्येसा विहारापर्यंत जाते. २०२० साली युनेस्कोने या दीपोत्सवाची जगाचा वारसा म्हणून नोंद केली. मी लहान असताना आपली चौदा एप्रिलची मिरवणूक वस्तीतच दोन फेऱ्या मारून संपायची. पहिल्यांदा वेशीतून गेली त्या दिवशी माझी आई ओट्यावर उभी राहून रडत होती. आता डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसतं. त्यात त्यांची चूक नाही, आपण सांगितलंच नाही.

दुसरा सण चांद्र नववर्षाचा, ‘सॉल्लाल’. मुलं आजी-आजोबांपुढे गुडघे टेकून, डोकं जमिनीपर्यंत नेऊन वंदन करतात. मोठी माणसं आशीर्वाद देतात, हातावर पैसे ठेवतात. तांदळाच्या चकत्या घातलेलं गरम सूप पितात. ते प्यालं की वय एक वर्षानं वाढलं, असं मानायची जुनी रीत आहे. १९१० ते १९४५ जपानी अंमल होता. तेव्हा हे नववर्ष दाबून एक जानेवारी पुढे केला. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या स्वतःच्या सरकारनेही बरीच वर्षं तेच धोरण ठेवलं. लोकांनी घराघरात सण चालूच ठेवला. १९८५ साली एक दिवस सुट्टी मिळाली, तीही ‘लोकपरंपरेचा दिवस’ अशा नावाने. सणाचं खरं नाव आणि तीन दिवस सुट्टी १९८९ ला मिळाली.

सुट्टीचं दुःख पाळी करणाऱ्याला विचारा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं म्हटलं की आमच्या खात्यात रजा नाही. मग एका मुसलमान सोबत्याशी मी बोली केली. ईदला त्याची पाळी मी करायची, सहा डिसेंबरला माझी त्याने. अठरा वर्षं त्याने ती पाळली.

तिसरा सण ‘चुसॉक’. आठव्या महिन्याची पौर्णिमा, साधारण आपली भाद्रपद पौर्णिमा. भात कापणीला आलेला असतो. दिवाळीत आपल्या माळीवाडा स्टँडवर होते तशी गर्दी साऱ्या देशात होते, कारण प्रत्येकाला गावी जायचं असतं. नव्या तांदळाच्या, तीळ नाहीतर शेंगा-डाळीचं सारण भरलेल्या छोट्या करंज्या पाइनच्या पानांवर उकडतात. (हे सगळं करून सुनांचं कंबरडं मोडतं आणि तिकडच्या बाया त्याबद्दल उघड बोलतात. आपल्याकडे खीर बाया ढवळतात आणि फोटोत आपण असतो!) सणाआधी घरचे लोक वाडवडिलांच्या थडग्यांवर जाऊन वाढलेलं गवत कापतात. मग पूर्वजांपुढे अन्न मांडून वाकतात.

कुणी म्हणेल, हे तर श्राद्धच. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पक्ष सोडायला सांगितलं. बरोबर आहे. अन्न मांडण्याची ती रीत बुद्धाची नाही, ती उचला असं मी म्हणत नाही. पण गवत कापायला काय हरकत आहे? माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने उचलून बाहेर ठेवला होता. त्यांना ओढ्याकाठी पुरलं. मागच्या वर्षी मुलानं विचारलं, “दादा, जागा कोणती?” मला दाखवता आली नाही. सगळीकडे वेडी बाभळ. मी नुसताच हात करून “तिकडं” म्हणालो.

तुमच्यापैकी किती जणांना दाखवता येईल? वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना अजून जागा आठवतात. भाद्रपद पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला त्यांना घेऊन ओढ्यावर जायचं ठरवलंय. अकरा जणांनी नावं दिली आहेत. कोयता, कुऱ्हाड ज्याची त्याने आणावी. पोरांना बरोबर घ्या. वही-पेन्सिल मी आणतो, कोण कुठे आहे ते लिहून काढू.

जयभीम.