म्यान त्यांचं, धार आपली

(चोपडा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

आज मी कवितेवर बोलणार नाही. निवडणुकीवर बोलणार नाही. मी वीतभर चामड्यावर बोलणार आहे. काहींना हसू येईल. येऊ द्या. ज्यांच्या घरात अजून रापी आणि आरी आहे, त्यांना हसू येणार नाही.

दिवस उजाडायच्या आत अडावद, धानोरा, लासूर या बाजूंच्या कुठल्याही फाट्यावर जाऊन उभे राहा. मजुरांच्या गाड्या भरताना बघा. एकेका टेम्पोत वीस-पंचवीस माणसं. पावरा आहेत, भिल्ल आहेत, आपलीही आहेत. कुणी केळीच्या बागेत चाललंय, कुणी गवताला, कुणी उसाला. प्रत्येकाजवळ विळा नाहीतर कोयता. धार उघडी. कुणी फडकं गुंडाळलेलं, कुणी गोणपाटाचा तुकडा, कुणी सायकलची जुनी ट्यूब, कुणी केळीचं सोपट. गाडी खड्ड्यात आदळली की फडकं सरकतं आणि शेजारणीची पोटरी चिरते. हळद भरायची, चिंधी बांधायची आणि कामाला लागायचं. हा अपघात कुठल्याच वहीत चढत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्या देशात नाव झालं. ती केळी कापणाऱ्या हाताला काय मिळालं ते ज्यानं त्यानं घरी जाऊन आपल्या आईचा तळहात बघून ठरवावं.

आता दुसरं पातं बघा. संग्रहालयात जा. काचेमागं तलवार आहे. तिला म्यान आहे. आत लाकूड, वर चामडं नाहीतर मखमल, टोकाला चांदीची टोपी. खाली पाटीवर सरदाराचं नाव. म्यान शिवणाऱ्याचं नाव कुठंय? ज्यानं कातडं कमावलं, ज्यानं टाके घातले, तो पाटीवर नाही. तो गावाबाहेर होता, पाटीच्याही बाहेर राहिला. माणसं मारणाऱ्या पात्याला या समाजानं घर दिलं. पोट भरणाऱ्या पात्याला चिंधी दिली. आणि दोन्हीकडं चामडं आमच्याच हातचं!

साखर कारखान्यांची भाषा तुम्हाला ठाऊक आहे. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा असला तर अर्धा कोयता. खान्देशातून कोयते निघतात, थेट गुजरातेत बारडोलीकडं ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब करतो तो कोयत्याचा. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांवर वर्षानुवर्षं काम केलं, पुस्तकं लिहिली. पण आपल्याला पुस्तक कशाला पाहिजे? माणसाला हत्याराच्या नावानं मोजायचं आणि त्या हत्याराला झाकायला टीचभर कातडंसुद्धा द्यायचं नाही, एवढ्यात सगळं अर्थशास्त्र आलं.

माझा बाप चपला शिवायचा. बाजारात बसायचा. तळाचं जाड चामडं कापून झालं की उरायचे ते तुकडे फेकायचा नाही. त्यातून तो विळ्याची पट्टी करायचा. एकदा एका बाईला त्यानं ती दाखवली. ती म्हणाली, "हाई काय शे?" बापानं विळ्यावर चढवून, वादी बांधून तिच्या हातात दिली. तिनं धारेच्या जागी अंगठा ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. मग पदराची गाठ सोडली. त्या वस्तूला आमच्याकडं खास नाव नाही. मी धारपट्टी म्हणतो. तुम्ही काहीही म्हणा, पण करा.

कुणी विचारेल, पट्टी कशाला, सरळ म्यानच का नको? प्रश्न बरोबर आहे. उत्तर कामातून देतो.

पहिलं, विळा वाकडा असतो. म्यानात पातं टोकाकडून सरकवावं लागतं. सरळ सुरा सरकेल, चंद्रकोरीसारखा विळा सरकणार नाही. जबरदस्ती केली तर टोक चामडं फोडून बाहेर येईल आणि तिथं तुमचा हात असेल. पट्टी सरकवायची नसतेच. विळा खाली ठेवायचा, धारेच्या बाजूनं पट्टी चढवायची, पाठीवरून दोन वाद्या बांधायच्या. हात धारेच्या वाटेत येत नाही.

दुसरं, पूर्ण म्यानात ओल कोंडते. केळीचा चीक, उसाचा रस, दव सगळं आत मुरतं आणि लोखंड गंजतं. पट्टीत पात्याची पाठ उघडी राहते. पट्टी सोडली की दोन्ही वाळतात.

तिसरं, चामडं. कोयत्याच्या म्यानाला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याहून कमी चामड्यात पट्टी होते, तीही कात्रणातून. गरिबाच्या वस्तूची किंमत गरिबाला झेपली पाहिजे.

आता रीत सांगतो. लपवून ठेवायची विद्या आपल्याकडं नको, ते काम दुसऱ्यांनी पुष्कळ केलंय. साली-हिरड्यानं कमावलेलं, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं टणक चामडं घ्यायचं. विळा कागदावर ठेवून धारेचा बाक उतरवायचा. त्या बाकाचे दोन तुकडे कापायचे, आणि तिसरा अरुंद तुकडा मधे बसवायचा. हा मधला तुकडा म्हणजे पट्टीचा जीव. धार त्याच्यावर टेकते, दोऱ्यावर टेकत नाही. तो नसला तर धार आठ दिवसांत टाके कापून बाहेर येणार. विळा दातेरी असेल तर तो तुकडा आणखी रुंद ठेवायचा, कारण दात चामडं चावतात. आरीनं सारख्या अंतरावर भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा ओढायचा. एक बाजू तुटली तरी दुसरी धरून राहते. (संघटनेलाही हाच टाका लागतो, पण तो वेगळा विषय.) शेवटी चामडं ओलं करायचं, पात्याला प्लॅस्टिक गुंडाळून पट्टी त्यावर दाबून बसवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात ठेवाल तर तडकेल.

पट्टीच्या मर्यादाही ऐका. ती कमरेला लटकवायला नाही. झाडावर चढणाऱ्याला पूर्ण म्यानच पाहिजे, कारण वादी सैल झाली तर पट्टी गळून पडेल. हंगाम संपला की विळा पट्टीत घालून चार महिने ठेवू नका. चामड्यातली ओल आणि आम्ल लोखंड खाते. तेलाचा हात फिरवून वेगळा ठेवा. ही वस्तू वाटेसाठी आहे, घर ते बाग आणि बाग ते घर.

आणि वाटेवर पोलीस असतात. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात म्हणून चोपड्याच्या रस्त्यांवर तपासणी चालते. तिकडं पुण्यात २०२२-२३ मध्ये 'कोयता गँग'च्या बातम्या गाजल्या, तेव्हापासून कोयता हा शब्द पेपरात फक्त गुन्ह्याच्या पानावर दिसतो. ज्याच्या हातात तो पन्नास वर्षं आहे त्याच्याकडं आता संशयानं बघतात. १९५९ चा शस्त्र कायदा काय म्हणतो? निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्याच्या व्याख्येत शस्त्र नाहीत. कायद्यात आहे. पण रस्त्यावर कायदा वाचत कोण उभं राहतं? तिथं डोळा निकाल देतो. नागडी धार दिसली की धमकी वाटते. पूर्ण झाकून कमरेला लावली की लपवलेलं हत्यार वाटतं. पट्टीत विळ्याची पाठ दिसते, मूठ दिसते, बाक दिसतो, फक्त धार दिसत नाही. बघणाऱ्याला कळतं की हे औजार आहे आणि धरणारा कामाला चाललाय. पट्टी म्हणजे परवाना नव्हे, हे मीही जाणतो. पण आपल्या माणसाला दहा प्रश्नांऐवजी दोन प्रश्न विचारले गेले तरी मला हवेच आहेत.

आता कडू बोलतो. तुमच्यातले काही मनात म्हणतायत की हा आम्हाला पुन्हा कातड्याकडं नेतोय. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं की मेलेलं खाणं सोडा. मेलेली ढोरं ओढणं सोडा हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यात कातड्या-शिंगांचं उत्पन्न बुडतं म्हणणाऱ्यांना १९५६ मध्ये १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात त्यांनी झणझणीत उत्तर दिलं. मग तू उलटा कसा चाललास? नाही दोस्तांनो, मी उलटा चाललेलो नाही. त्यांनी तोडायला सांगितली ती सक्ती. जन्मानं कपाळावर मारलेलं काम, फुकटचं काम, नाकारलं तर बहिष्कार घालणारं काम. जात ही कामाची वाटणी नसून माणसांचीच उतरंड आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या दरानं, कुणाच्याही पोरानं शिकावं असं कसब वेगळं. ब्राह्मणाच्या पोरानं चामड्याच्या बॅगांचं दुकान काढलं तर तो उद्योजक. माझ्या बापानं पट्टी शिवली तर तो चांभार. वास चामड्याला नाही, या नजरेला आहे.

आणि ही नजर आपल्यातही आहे. सभेत जय भीम म्हणायचं आणि चर्मकाराच्या, ढोराच्या घरचं पाणी प्यायला आढेवेढे घ्यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी आपल्याला उतरंडीत रचलं त्यांचीच उतरंड आपण घरात मांडून बसलो तर लढायचं कुणाशी?

हेही विसरू नका की कातड्यावरून आजही पाठ सोलली जाते. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. आपल्या राज्यात २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आहे. मोट गेली, इंजिन आलं, मोट शिवणाऱ्याचं काम गेलं. रबर-प्लॅस्टिक आलं, वहाण शिवणाऱ्याचं काम गेलं. संत रोहिदासांच्या नावाचं सरकारी चर्मोद्योग महामंडळ १९७४ मध्ये निघालं. अर्ध्या शतकानंतरही रस्त्याकडेचा कारागीर छत्रीखालीच बसलेला दिसतो. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला झळकल्या, तेव्हा सगळ्यांना एकदम कारागीर आठवला!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक: या भागातल्या चर्मकार कारागिरांची यादी आपण करू, आणि त्यांनी सांगितलेल्या दरानं पट्ट्या शिवून घेऊ. घासाघीस नाही. दोन: आपल्या पोरा-पोरींनी, कुठल्याही पोटजातीच्या, त्यांच्याजवळ बसून टाका शिकावा. तीन: पट्टीचा पैसा मजुराच्या पदरातून जाऊ नये. धार ज्याच्या नफ्यासाठी चालते त्यानं ती झाकावी. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुरांना संरक्षक कपडे द्यावेत असं लिहिलेलं होतं. मिळाले कुणाला? २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता लागू झाली. कागद बदलला म्हणून मागणी बदलत नाही. उचल ठरते त्याच दिवशी मुकादमाला विचारायचं: पट्ट्या किती आणल्या?

वीतभर चामड्यानं क्रांती होत नाही, हे मला कुणी शिकवू नये. पण जी चळवळ आपल्या बाईच्या पोटरीवरची जखम मोजत नाही, तिच्या क्रांतीवर ती बाई विश्वास का ठेवील?

येत्या हंगामाच्या आधी शंभर पट्ट्या. ज्याला शिवता येतं त्यानं शिवायच्या, ज्याला येत नाही त्यानं मेण लावून दोरा तयार ठेवायचा. नावं आत्ताच लिहून द्या.

जय भीम!