पहिल्या प्रयोगापूर्वी दोन शब्द



नागपुरातील आम्ही हौशी मंडळी आज लिखित संहितेवाचून विनोदी प्रयोग करीत आहो. हे धाडस नवे नव्हे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले, तेव्हा पदे सूत्रधार गाई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. आपल्या विदर्भातील खडीगंमतीतही हजरजबाबीपणास मोठा मान आहे.

सोबत्याने टाकिलेला शब्द झेलावा, खाली पडू देऊ नये, हा आमचा पहिला नियम. दुसरा असा की, कोणाचे व्यंग वा दारिद्र्य हसण्याचा विषय करावयाचा नाही. तसली टाळी आम्हांस नको.

एखाद्याची वाणी अडखळल्यास आपण क्षणभर धीर धरावा. सोबती त्यास सावरून घेईल, असा आमचा भरवसा आहे. आज परीक्षा त्या भरवशाचीच आहे.