भोजन व नाटक : एका संध्याकाळची सिद्धता



महोत्सवाच्या संध्याकाळीं आपण सर्वांनीं एकत्र जेवावें व त्याच मांडवांत नाटक पाहावें असें ठरलें आहे, आणि त्या व्यवस्थेविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आमच्या मंडळास झाली आहे. नाटकाविषयीं बोलणारे आपल्यांत पुष्कळ आहेत; जेवणाविषयीं बोलणारे त्याहूनहि पुष्कळ. आम्ही त्या दोहोंच्या मधल्या जागेविषयीं बोलणार आहों, कारण असल्या प्रसंगीं जो गोंधळ उडतो तो बहुधा तेथेंच उडतो.

नटास आपलें भाषण पाठ असतें. आचारी आपलें काम जाणतो. परंतु पडदा वर जाण्याची वेळ आणि भाताचें तपेलें चुलीवरून उतरण्याची वेळ ह्या दोहोंची गांठ कोणीं घातलेली नसते. मग नायिकेनें डोळ्यांस पदर लावावा आणि त्याच क्षणीं मागच्या पंगतींतून मिठाची हांक यावी, असा प्रकार होतो. लोक हंसतात, आणि हंसण्यासारखें तें आहेहि. परंतु एका समारंभांत आम्हीं पडद्यामागची बाजू पाहिली आहे. देवदूताचें सोंग घेतलेल्या एका लहान मुलास तोंडाचा रंग पुसेल म्हणून दुपारपासून खाऊं दिलें नव्हतें; आपली पाळी येईपर्यंत तें पोर पंखांसकट झोपीं गेलें. आणि ज्या भगिनींनीं सकाळपासून रांधलें त्यांच्या वांट्यास रात्रीं अकरा वाजतां कोरडा भात उरला. सिद्धता नसली कीं तिची किंमत अशांच्याकडून वसूल होते. पहिल्या रांगेंत बसणारास तिची वार्ताहि नसते.

जेवण आणि नाटक एका तिकिटांत बांधण्याचा धंदा अमेरिकेंत रुजला. सन १९५३ मध्यें व्हर्जिनिया राज्यांत हॅनोव्हर येथील एका जुन्या पांथशाळेंत बार्क्सडेल थिएटर निघालें. त्या देशांतील ह्या जातीचें तें पहिलें नाट्यगृह मानतात. आधीं जेवण, मग नाटक, हा तेथील सामान्य क्रम. पुढें असल्या कित्येक नाट्यगृहांत नटच पानांवर वाढूं लागले. ही चाल आम्हांस फारशी रुचत नाहीं. ज्यास घटकाभरानें राजा व्हावयाचें आहे त्याच्या हातीं आमटीचें भांडें कशास?

आम्हांस जवळचें वाटतें तें उदाहरण बव्हेरियांतील ओबेरामरगाऊ ह्या गांवचें. सन १६३३ मध्यें महामारीनें गांजलेल्या त्या गांवानें प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करण्याचा नवस केला आणि सन १६३४ मध्यें तो प्रथम फेडला. त्या वेळीं रंगमंच उभारला होता चर्चच्या स्मशानभूमींत, साथींत गेलेल्यांच्या कबरींवर. तेव्हांपासून साधारणतः दर दहा वर्षांनीं हें नाटक होत आलें आहे. त्यांत भाग घेणारा मनुष्य त्या गांवांत जन्मलेला तरी असावा किंवा तेथें वीस वर्षें राहिलेला तरी असावा असा नियम आहे. आणि बहुतेक नट आदल्या वर्षाच्या राखेच्या बुधवारापासून केस व दाढी कापीत नाहींत. सन २०२० चे प्रयोग कोरोनाच्या साथीमुळें सन २०२२ वर गेले. वाढलेल्या दाढ्या उतरल्या आणि सन २०२१ च्या राखेच्या बुधवारापासून पुनः वाढूं लागल्या.

पण दाढ्यांहून आमचें लक्ष वेधतें तें तेथील घड्याळ. नाटक सुमारें पांच तासांचें. सन २०२२ मध्यें तें दुपारीं सुरू होऊन रात्रीं उशिरां संपत असे आणि मध्यें तब्बल तीन तास जेवणासाठीं मोकळे ठेवीत. तीन तासांत म्हातारा मनुष्यहि सावकाश जेवून परत येऊं शकतो, आणि नटासहि दोन घांस खातां येतात.

उलट उदाहरणहि आपणांस ठाऊक आहे. संत पौलानें करिंथच्या मंडळीस जें पहिलें पत्र लिहिलें त्याच्या अकराव्या अध्यायांत एकत्र भोजनाची जी दशा वर्णिली आहे, ती वाचून आजहि खालीं पाहावेंसें वाटतें. कोणी आधींच खाऊन पिऊन धुंद, कोणी उपाशी. उशिरां येणारे तेथें बहुधा मजूर व दास असावेत असें अनेक अभ्यासक मानतात. त्यांची वेळ त्यांच्या हातीं नव्हती. त्यांच्यासाठीं थांबावें एवढेंच पौलाचें सांगणें.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्यांतील कितीतरी माणसें चर्चगेटची गाडी धरून येतात; वसई रोडला उतरून घरीं हातपाय धुईपर्यंत आठ वाजून जातात. उलट, पहांटे भाजी व फुलें घेऊन बाजारास जाणारा मनुष्य दहा वाजतां डोळे मिटूं लागतो. दोघेंहि आपलींच माणसें. म्हणून मंडळानें असें योजिलें आहे कीं नाटकाचा पहिला अंक साडेसहास व्हावा, सव्वाआठास सर्वांचें जेवण एकदमच व्हावें आणि उरलेला भाग त्यानंतर. गाडीनें उशिरां आलेल्यांसाठीं दुसऱ्या अंकापूर्वीं सूत्रधार पांच मिनिटांत मागील कथा सांगेल. सूत्रधारास एरव्हीं तरी दुसरें काम काय असतें? मुलें नट असोत वा नसोत, त्यांची पंगत पांचासच बसेल. रंग लागेल तो त्यानंतर. रांधणाऱ्या भगिनींचीं पानें सर्वांबरोबर मांडलीं जातील, आणि दुसऱ्या वाढीस तरुण मंडळी उठतील.

एका गोष्टींत मात्र आम्ही कठोर आहों, ती म्हणजे संख्या. फुग्यांचें पीठ ताडी घालून आंबवावयाचें, आणि तें कोणाच्या घाईस भीक घालीत नाहीं. ऐन वेळीं दहा पाहुणे वाढले तर भात एक वेळ वाढेल, फुगे वाढणार नाहींत. तेव्हां रविवारीं प्रत्येक मिस्सेनंतर चर्चच्या दाराशीं वही ठेविली जाईल. तींत घरटीं माणसें किती तें लिहावें, आणि ज्यांस कामावरून उशीर होणार आहे त्यांनीं नांवापुढें आपल्या गाडीची वेळहि लिहावी.